पुलाच्या पिक्चरमधला सार्जंट

सर्व संबंधितांच्या माहितीसाठी नमूद करण्यात येते की, श्री. दिवाकर रामाजी घाटोळे, मूळ राहणार आर्वी, जिल्हा वर्धा, हल्ली मुक्काम तात्यापारा, रायपूर, रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातील सेवानिवृत्त मुख्य लिपिक, रंग सावळा, बांधा मध्यम, ओळखीची खूण नाकावर चष्म्याचा कायमचा वळ, हे सदर पाऱ्यातील (म्हणजे मोहल्ल्यातील) इंग्रजी युद्धपटांचे एकमेव मान्यताप्राप्त दुभाषी आहेत. मातृभाषा मराठी, कार्यालयीन भाषा हिंदी, इंग्रजी उत्तम. दर रविवारी जेवणानंतर त्यांच्या निवासस्थानी होणाऱ्या युद्धाचे संचालन सर्वस्वी त्यांच्या अधीन असून टीव्हीचा रिमोट त्यांच्या ताब्यात असतो. त्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणतेही युद्ध सुरू होत नाही, थांबत नाही व संपत नाही.

यातलं 'संपत नाही' हे आम्ही प्रेक्षक शपथेवर सांगू शकतो. दिवाकरराव पिक्चर थांबवून समजावून सांगत. दोन तासांचं युद्ध त्यांच्याकडे दिवेलागणीपर्यंत चाले. शेवटचा हल्ला कित्येकदा पुढच्या रविवारवर जाई, आणि पुढच्या रविवारी दुसरंच युद्ध लागलेलं असे.

हे सुरू झालं ते घरात सीडीचं यंत्र आलं तेव्हा. दिवाकररावांना लढाईचे इंग्रजी पिक्चर आवडत आणि विमलावहिनींना घरातली एकही गोष्ट आपल्याला न कळता चाललेली आवडत नसे. त्या लसूण सोलत बसल्या होत्या. पडद्यावर एक टकला कर्नल दुसऱ्या माणसावर खेकसत होता. वहिनींनी मान वर न करता विचारलं, "काय म्हणून राहिला हो तो?"

बाहेरच्या माणसाला या प्रश्नाचं वजन कळणार नाही. विमलावहिनी नवऱ्याला काही विचारत नाहीत. त्या सांगतात. भाडेकरू कोण ठेवायचा, दिवाळीला नागपूरला जायचं की नाही, नवऱ्यानं आज कोणता शर्ट घालायचा, हे सगळं सांगण्यात येतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी बायकोनं आपल्याला पहिल्यांदा काही विचारलं, हे दिवाकररावांच्या लक्षात आलं. त्यांनी पिक्चर थांबवला आणि उत्तर दिलं.

अडचण एवढीच होती की उत्तर त्यांना माहीत नव्हतं.

त्यांचं इंग्रजी उत्तम होतं, यात वाद नाही. पण ते पत्राचं इंग्रजी. वरील विषयास अनुसरून, आपल्या अमुक तारखेच्या पत्राच्या संदर्भात, योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर, अशा चालीत ते कितीही वेळ चालू शके. चिखलात पालथा पडलेला शिपाई मात्र कुठल्याही पत्राचा संदर्भ देऊन बोलत नाही. तो अर्धं वाक्य गिळतो, अर्धं थुंकतो, आणि जे काही उरतं त्यावर तोफगोळा पडतो. तेव्हा उरलेली जागा दिवाकररावांनी आपल्या अनुभवातून भरली. अनुभव कारखान्याच्या ऑफिसचा होता.

"कर्नल म्हणते, तुह्या रजेचा अर्ज माह्याकडे आलाच नाही," ते म्हणाले.

"अन् तो दुसरा?"

"तो म्हणते, मी स्वतः टेबलावर ठेवला होता."

"बाप्पा!" वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी लसूण बाजूला ठेवला.

त्या दिवसापासून तात्यापाऱ्यात दुसरं महायुद्ध रेल्वेच्या शिस्तीनं लढलं गेलं. जनरल निरीक्षणाला येत, तेव्हा खंदकातली माणसं घाईनं टेबलं आवरत. पाणबुडीच्या कप्तानाची बदली रखडलेली होती. बर्फात अडकलेल्या तुकडीला वरून आदेश आला होता की मागे हटा, पण तोंडी. लेखी मागितल्यावर वरचा साहेब फोन उचलेना. आम्ही सगळे नोकरी करून निवृत्त झालेले. असं युद्ध आम्हाला ताबडतोब कळे. बीरगांवहून नत्थू स्कूटर काढून येई, तो एका लोखंडाच्या कारखान्यात फोरमन होता. तो तर म्हणायचा, "दिवाकर भैया, हे हिटलरवाले आमच्याच कंपनीतून गेले का?"

दिवाकररावांनी पंडरीच्या कापडबाजारातून जाड कापड आणून पडदे शिवून घेतले. दुपारी खोलीत अंधार होई. त्यांची वेताची खुर्ची टीव्हीच्या बाजूला, तोंड आमच्याकडे. आम्ही सतरंजीवर आणि स्टुलांवर. मधोमध सांभारवडीची, म्हणजे कोथिंबीरवडीची, थाळी. रिमोट त्यांच्या हातात, बँडमास्तरच्या काठीसारखा.

आणि सगळ्यांत वरचा नंबर पुलाच्या पिक्चरचा. त्यात थोडे शिपाई एका दगडी पुलावर अडकलेले असतात. पाऊस चालू. एक जाडा, म्हातारा सार्जंट असतो, जो पिक्चरभर कोणाशी धड बोलत नाही. शेवटी त्याला गोळी लागते. रेडिओच्या पेटीला टेकून तो बसतो, एका पोरसवद्या शिपायाला जवळ बोलावतो, आणि काहीतरी पुटपुटतो. मग मान टाकतो.

इथे दिवाकरराव पिक्चर थांबवत. चष्मा काढत. आणि आमच्याकडे न पाहता, भिंतीकडे पाहून सांगत: "तो म्हणते, घरी गेला तं माह्या बाईले सांगजो. म्हणा, बोलत नोहता तो. पण राग नोहता. तिच्या हातचं सारंच गोड लागे. म्हणाचं राहून गेलं."

विमलावहिनी पदर डोळ्यांना लावत. दर वेळी. नत्थू नाक ओढे. पिक्चर पुढे सुरू करायला कोणी सांगत नसे.

असं सगळं सुरळीत चालू असताना बाबाराव ढोबळ्यांच्या घरी टीव्ही आला.

बाबाराव म्हणजे शेजारचे. दोन्ही घरांची भिंत एक. रेल्वेतच मालगाडीचे गार्ड होते, बिलासपूरपासून नागपूरपर्यंत सगळी स्टेशनं पालथी घातलेली. इतकी वर्षं ते दिवाकररावांच्या खोलीत दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसत आले होते. त्या स्टुलाचा एक पाय आखूड. ते कधी तक्रार करत नसत. फक्त दिवाकररावांच्या वेताच्या खुर्चीकडे अधूनमधून पाहत. त्यांची मुलगी स्वरदा नवा रायपूरमध्ये एका कंपनीत होती. तिनं वडिलांना टीव्ही भेट दिला. तो जिन्यातून वर जाईना, म्हणून गॅलरीतून दोरीनं चढवला. पारा जमला होता. दिवाकरराव आपल्या फाटकात उभे राहून पाहत होते.

"मोठा हाय," नत्थू म्हणाला.

"खोली लहान हाय," दिवाकरराव म्हणाले. "एवढ्या जवळून पाहिलं तं डोळे जातात मानसाचे."

बाबारावांना युद्धाची काही आवड नव्हती. त्यांना सासू-सुनांच्या मालिका आवडत, हे पाऱ्यात सर्वांना माहीत होतं. पण टीव्ही लागला त्या पहिल्याच रविवारी त्यांनी जेवणानंतर लढाईचा पिक्चर लावला. बरोबर दिवाकररावांच्या वेळेला. आणि तो हिंदीत लागला. सगळे शिपाई, सगळे जर्मन, सगळे घोडेसुद्धा म्हणा, स्वच्छ हिंदी बोलत होते. कोणाला काही विचारावं लागत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात नत्थू गेला. नुसता पाहून येतो म्हणाला, आणि आलाच नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो. खरं बोलायचं तर तिथे कूलर होता आणि युद्ध संपत होतं. कोण जिंकलं हे आम्हाला पहिल्यांदाच वेळेवर कळलं.

दिवाकररावांनी नाराजी दाखवली नाही. फक्त ते त्या काळात फार निःपक्षपाती बोलू लागले. "बाबाराव चांगला मानूस. गार्ड होता ना, गाडीच्या शेवटच्या डब्यात बसे. पुढं काय चालू हाय ते त्याले कधीच दिसत नोहतं. त्याले वाईट नाही वाटत." किंवा, "हिंदीत तोफेचा आवाज बरा नाही येत." किंवा, कोणी विचारलं नसताना, "काहून जाईन मी? मले काय कमी हाय?"

भिंत एक असल्यामुळे बाबारावांचा रणगाडा रविवारी दुपारी दिवाकररावांच्या देवघराच्या बाजूनं जाई. कोनाड्यातली घंटी आपोआप वाजे. दिवाकरराव आपला टीव्ही लावून, पडदे ओढून, वेताच्या खुर्चीत बसत. खुर्ची त्यांनी फिरवली नव्हती. तोंड अजून रिकाम्या सतरंजीकडेच होतं. वहिनी स्वयंपाकघरात असत. एकदा आम्ही पेपर परत करायला गेलो, तर ते सतरंजीला सांगत होते, "कप्तान म्हणते, चार्ज दिल्याबिगर मी जात नाही." आम्ही पेपर दारातच ठेवून आलो.

मग एका रविवारी वहिनी सांभारवडीची थाळी घेऊन निघाल्या.

"कुठी?" दिवाकरराव.

"बाबारावभाऊजीच्या घरी. गिरजाबाईनं बोलावलं. पाहून येतो त्याइचा टीव्ही कसा हाय."

"वड्या काहून?"

"मंग काय रिकाम्या हातानं जाऊ?"

दिवाकरराव पाण्याची टाकी पाहायला गच्चीवर गेले. टाकी भरलेली होती, ती सकाळीच पाहून झाली होती. गच्चीवरून बाबारावांचं दार दिसे, आणि दारापुढच्या चपला. नत्थूची टाचेत झिजलेली, आमची, कोणाकोणाची. आणि कडेला, नीट जोडीनं लावलेली, निळ्या पट्ट्याची. ती त्यांनीच आणली होती, म्हणजे वहिनींनी सांगितलेली आणली होती. आतून तोफा चालू होत्या. पिक्चर संपेपर्यंत ते टाकीजवळ उभे राहिले. ऊन बरंच होतं.

वहिनी परत आल्या तेव्हा थाळी रिकामी होती. ती गोष्ट दिवाकररावांना जास्त लागली.

"कसा होता?" त्यांनी विचारलं.

"चांगला होता. सारं समजलं."

"काही विचारावं लागलं?"

"कोणाले विचारू? तोच सांगते ना."

दिवाकरराव त्या रात्री जेवताना बोलले नाहीत. अर्थात ते एरवीही बोलत नसत, त्यामुळे फरक कोणाला कळला नाही.

पुढच्या शनिवारी बाबाराव फाटकात येऊन उभे राहिले. तोंडावर आनंद मावत नव्हता. "दिवाकर, उद्या पुलाचा पिक्चर लावून राहिलो. स्वरदानं शोधला. हिंदीत! ये ना तूही. खुर्ची ठेवतो तुह्यासाठी."

तो पिक्चर हिंदीत मिळतो ही दिवाकररावांना बातमी होती. त्यांचा चेहरा पडला तो मत्सरानं, असं आम्ही सगळे समजलो, आणि ते अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं: तो सार्जंट मरताना काय म्हणतो, ते त्यांना एकदाही समजलेलं नव्हतं.

ते गेले. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. बाबारावांनी खुर्ची ठेवली होती, ती दाराजवळ होती. स्वतः बाबाराव टीव्हीच्या बाजूला, नव्या सोफ्यावर, तोंड आमच्याकडे करून. विमलावहिनी पुढे बसल्या होत्या, गिरजाबाईंच्या शेजारी.

पिक्चर चालू झाला. टकला कर्नल हिंदीत ओरडला. त्यानं रजेचा विषय काढला नाही. नत्थूनं आमच्याकडे पाहिलं. मेजर आला, त्यानं नकाशा दाखवला. बदलीबद्दल बोललाच नाही. गिरजाबाई कुजबुजल्या, "विमलाबाई, ह्याचा चार्ज द्याचा राहिला होता ना?" दिवाकरराव खुर्चीच्या कडेवर आले होते. बाबाराव अधूनमधून त्यांच्याकडे पाहून हसत होते, जसं नव्या जावयाला घर दाखवताना हसतात.

मग पाऊस आला, पूल आला, सार्जंटला गोळी लागली. तो रेडिओच्या पेटीला टेकला. पोरसवदा शिपाई जवळ गेला. वहिनींनी पदर हातात घेऊन ठेवला.

सार्जंट भरदार हिंदी आवाजात म्हणाला, "सुन बेटा... रेडियो की बैटरी बदल दे. ये वाली गीली हो गई है."

आणि मेला.

वहिनींचा पदर हातातच राहिला.

"कापलं!" नत्थू उठून उभा राहिला. "हिंदीवाल्यांनी कापलं! बाईचं कुठी गेलं?"

"खरंच की. बाईचं सारंच खाल्लं," गिरजाबाई म्हणाल्या.

"माह्या टीव्हीत काही कापत नाहीत!" बाबाराव लाल झाले. "कंपनीचा हाय!"

"तं मंग बॅटरी कुठून आली, बाबारावभाऊ? मरता मानूस बॅटरी मागते का? अक्कल हाय का काही? दिवाकर भैयाच्या घरी तो बाईचं बोलते, आम्ही कितीदा ऐकलं!"

आम्ही सगळे नत्थूच्या बाजूचे होतो. इतक्या मोठ्या टीव्हीत इतका कोरडा सार्जंट कोणालाच पटला नाही. बाबारावांना मात्र त्या क्षणी कळलं की टीव्ही गॅलरीतून चढवला तरी लोकांना सार्जंट भिंतीपलीकडचाच हवा आहे. इतकी वर्षं आखूड पायाच्या स्टुलावर बसून जे सोसलं, ते सगळं त्यांच्या तोंडावर आलं. "स्वरदा! याइले इंग्रजीत लावून दाखव. होऊन जाऊ दे!"

"पापा, छोड़ो ना," स्वरदा म्हणाली.

"लाव!"

तिनं मागे नेलं, भाषा बदलली. सार्जंट पुन्हा टेकला, पुन्हा पुटपुटला, अर्धं गिळलं, अर्धं थुंकलं, पुन्हा मेला. स्वरदानं तिथेच थांबवलं. ती इंग्रजीत नोकरी करत होती. सगळे तिच्याकडे वळले. तिनं दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि मग रिमोटकडे.

"अंकल... वो तो..."

"तू थांब, पोट्टी," विमलावहिनी म्हणाल्या. त्या वळून बसल्या, टीव्हीकडे पाठ करून. "काय म्हणून राहिला हो तो?"

हाच प्रश्न दिवाकररावांना कित्येक रविवार कोणी विचारला नव्हता. आता विचारला होता तो अख्ख्या पाऱ्यासमोर, बाबारावांच्या घरात, बाबारावांच्या टीव्हीपुढे. नत्थूनं रस्ता करून ठेवलेला होता. हिंदीवाल्यांनी कापलं एवढं म्हटलं की काम होत होतं. बाबाराव कायमचे हरत होते. इंग्रजी कळणारी दुसरी एकच होती आणि ती मोठ्यांचा मान ठेवणारी होती.

दिवाकररावांनी चष्मा काढला. भिंत शोधली. ही भिंत त्यांच्याच घराची दुसरी बाजू होती.

"बॅटरी म्हणते," ते म्हणाले.

"अन् बाईचं?"

"ते..." त्यांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता. "ते मी माह्या मनचं म्हणो."

"पाहा!" बाबाराव ओरडले. "माह्या टीव्हीनं काही कापलं नाही!"

त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. नत्थू बसला. त्याला हळूहळू कळत होतं. "म्हणजे सार्जंट आपला बॅटरीच मागे? अन् मी एवढा रडो?"

विमलावहिनी उठल्या. थाळीत वड्या होत्या, तरी त्यांनी थाळी उचलली. दारापाशी आल्या, निळ्या पट्ट्याच्या चपला घातल्या, आणि आत न पाहता म्हणाल्या, "चला घरी." हे विचारलेलं नव्हतं, सांगितलेलं होतं. दिवाकरराव गेले.

त्या संध्याकाळी गिरजाबाईंनी पोळी वाढताना बाबारावांना विचारलं म्हणतात, "अन् तुम्ही हो? तुम्ही इतके वर्ष मले काय म्हणत होते?"

"मी काही म्हणत नोहतो," बाबाराव म्हणाले.

"हव. तेच तं," गिरजाबाई म्हणाल्या आणि पोळ्यांचा डबा बंद केला. तेव्हापासून त्या घरात मोठ्या टीव्हीवर मालिका लागते आणि ती बाबाराव एकटेच पाहतात.

पुढच्या रविवारी जेवणानंतर दिवाकररावांच्या दारापुढे पुन्हा चपला होत्या. आम्ही का गेलो, सांगता येणार नाही. कूलर नव्हता, आणि सार्जंट बॅटरी मागतो हे आता सर्वांना माहीत होतं. बाबारावही आले, आपलं चांगल्या पायांचं स्टूल घेऊन, आणि दिवाकररावांच्या वेताच्या खुर्चीकडे आधीपेक्षा जास्त वेळ पाहत बसले. वहिनींनी पुलाचा पिक्चर लावायला सांगितला. इंग्रजीतच.

पाऊस, पूल, गोळी. सार्जंट पेटीला टेकून पुटपुटला. पिक्चर थांबला. दिवाकररावांनी चष्मा काढला, आणि या वेळी त्यांना भिंत सापडेना.

"काय म्हणते हो तो?" वहिनींनी विचारलं.

"आता... बॅटरीच म्हणते ना."

"बॅटरीचं झालं. पुढं काय म्हणते?"

दिवाकरराव भिंतीऐवजी वहिनींकडे वळले. मग सार्जंट जे बोलला ते आधीपेक्षा लांब होतं, त्यात आर्वीच्या घराचा आणि एका निळ्या पट्ट्याच्या चपलेचा उल्लेख होता, आणि दाराजवळच्या स्टुलावरून बाबाराव मध्येच उठून पाणी प्यायला गेले.

घाटोळ्यांच्या टीव्हीवरही आता हिंदी लावता येते. रिमोट विमलावहिनींजवळ असतो, आणि त्या इंग्रजीच लावतात.